आततायीपणा: तुमच्या घरी हा शब्द कधी ऐकलात?

परवा बाबांनी, वय ७१, टेबलावर स्टूल ठेवून पंखा पुसायला घेतला आणि आई आतून ओरडली, "अहो, हा आततायीपणा कशाला!" समोरच्या भाभी मूळच्या लखनौच्या, दारातच थबकल्या. त्यांच्या हिंदीत आततायी म्हणजे जुलमी माणूस, आणि आई तर चक्क नवऱ्याला म्हणतेय. मग शोधलं तर संस्कृतही त्यांच्याच बाजूने, धनुष्य ताणून जीव घ्यायला आलेला तो आततायी, शिवाय आग लावणारा, विष घालणारा असे सहा प्रकार, गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना हेच म्हणतो. मराठीत धनुष्य गेलं, ताण तेवढा राहिला, म्हणजे मागचापुढचा विचार न करता टोकाचं काहीतरी करून बसणं. आमच्याकडे तर ज्याची काळजी वाटते त्यालाच म्हणतात, म्हणून मला हा शब्द फार जवळचा. मी ठाण्यातल्या नौपाड्यातून, तुम्हीही लिहा ना.

मी दिव्यात राहते. ठाण्याला गाडी थांबायच्या आधीच उतरले, पुढची लोकल पकडायची म्हणून. गुडघा फुटला, डबा उघडून मटकीची उसळ प्लॅटफॉर्मभर, एक चप्पल खाली रुळात. एका मावशींनी हाताला धरून बाकावर बसवलं. पप्पांना फोन केला तर "आततायीपणा केलास ना" एवढंच बोलले आणि त्यांचा आवाज चिरकला. आता सरळ एक गाडी सोडते.

खारघर. पांडवकडा धबधब्याला पावसाळ्यात बंदी असते तरी कॉलेजात असताना आम्ही चौघं आडवाटेने गेलो. पाणी पांढरं होतं ते बघता बघता चहासारखं झालं, एकजण ओरडला वर पाऊस जोरात लागलाय, तसे पळालो, थोड्या वेळात आम्ही बसलेलो तो दगडच दिसेना. याला मूर्खपणा नाही म्हणणार, हाच शब्द बरोबर. अक्कल होती हो, पण ती वापरायला थांबलो नाही.

माझं थोडं वेगळं. ऐरोलीतली नोकरी दुसरी हातात नसताना सोडली तर सासरी माहेरी सगळे एका सुरात आततायीपणा म्हणाले. अहो आठ महिने रोज रात्री हिशोब मांडत होते, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढलेले. निर्णय टोकाचा होता पण घाईचा नव्हता, मग हा शब्द का? शेवटी ती वहीच सासूबाईंसमोर ठेवली. पानं उलटून म्हणाल्या, अगं मग हे आधी नाही का दाखवायचं.