फिजिक्स पातळ होतं का? ऑक्सफर्डपुरतं उत्तर

‘जोडीला तत्त्वज्ञान घेतलं की फिजिक्स पातळ होतं’ ही भीती ऑक्सफर्डच्या ‘फिजिक्स आणि तत्त्वज्ञान’ या ४ वर्षांच्या अभ्यासक्रमाला लागू नाही. कात्री लागते ती प्रयोगशाळेला, गणिताला नाही. मुलं अडतात निबंधात. पहिल्याच वर्षी जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ आणि न्यूटनची बाजू मांडणारा क्लार्क यांची १७१५-१६ची पत्रं वाचावी लागतात. अख्खं विश्व चार हात पलीकडे सरकवलं तर काय बदलेल? काहीच नाही, म्हणून निरपेक्ष, म्हणजे वस्तूंवाचूनही असणारं, अवकाशही नाही, असं लायब्निझ म्हणतो. इथे ‘आइन्स्टाइनने सोडवलंय की’ एवढं लिहून भागत नाही. चालतं विश्व एकदम थांबवलं तर धक्का बसेलच ना, या क्लार्कच्या हरकतीला तोंड द्यावं लागतं. आणि अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे बारावी सुरू असतानाच!