कोळसा आधी भिजवा, मग मातीत मिसळा

भिंतीला लावायच्या मातीच्या गिलाव्यात कोळशाची पूड मिसळली तर तो ठिसूळ होतो का, असं एकाने विचारलंय. पूड कोरडीच मिसळली तर हमखास होतो. कमी हवेत भाजलेल्या लाकडाचा किंवा तुसाचा कोळसा अतिशय सच्छिद्र असतो. तो गाऱ्यातलं पाणी ओढून घेतो, थापीखाली गारा घट्ट होतो आणि सुकताना केसाएवढ्या भेगा पडतात. म्हणून पूड आदल्या रात्रीच भिजत घाला. धूळही उडत नाही, आणि ती धूळ छातीत जाणं खरंच वाईट!

मी ताटलीएवढे नमुने लावून पाहिले. पाच घमेली माती-वाळूला एक घमेलं कोळसा या प्रमाणात बोट घासलं तर काळं लागलं नाही. दोनाला एक केल्यावर लागलं. चिरलेला पेंढा मात्र हवाच, भेगा तोच आवरतो.

मजबुतीसाठी गाऱ्यात थोडं सिमेंट घाला, असा सल्लाही कुणी दिलाय; तो मला अजिबात पटला नाही. मातीचा ओल शोषण्या-सोडण्याचा गुणच त्याने मारला जातो. शिवाय जगभरात माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८ टक्के सिमेंटमुळेच येतो, आणि आपण तर झाडाने हवेतून घेतलेला कार्बन कोळशाच्या रूपात भिंतीत अडकवून ठेवायला निघालोय. पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर वरून चुन्याचा हात द्या.