दिवाळी आली की कंबर धरते: तुमचे अनुभव लिहा

शाहूपुरी, सातारा

दोन वर्षांपूर्वी वसुबारसेच्या संध्याकाळी मी चकल्यांवरून उठायला गेले ती उठलेच नाही. फराळाचा पसारा जास्त म्हणून शेगडी खाली घेतलेली, कढईत तेल तापलेलं, सोऱ्या हातात, आणि कमरेत अशी कळ की मी ओणवी ती ओणवीच. गॅस बंद करायला शेजारच्या वहिनींना हाका माराव्या लागल्या. पाडवा आडवं पडून गेला. भाऊबीजेला भाऊ पाटावर आणि ओवाळणारी मी खुर्चीत!

डॉक्टर म्हणाले, मणक्याला काही नाही, स्नायू धरलाय. आदल्या दिवशी माळा आवरलेला आणि दुसऱ्या दिवशी चार तास मांडी घालून पुढे वाकलेली, मग काय होणार. पडून राहू नका, झेपेल तसं घरात फिरत राहा, असंही सांगितलं. मला वाटलेलं उलटच.

तेव्हापासून शेगडी ओट्यावरच. चकल्या उभ्यानं, टेबलावर कागदावर पाडते. भाजणी पंधरा दिवस आधी गिरणीतून आणते, माळा नवरात्राआधीच. शंकरपाळ्या कापायचं काम नवऱ्याकडे. आकाराबद्दल विचारू नका.

तुमचं काय झालं आणि मग काय केलंत, ते लिहा. औषधांची नावं नकोत, ती ज्याची त्याची वेगळी.

तासगाव

आमच्याकडं दिवाळी म्हणजे द्राक्षाच्या फळछाटणीचा मोसम. कात्री चालवून उजवं मनगट आधीच सुजलेलं, त्यात आईचे सांधे दुखतात म्हणून सोऱ्यापण माझ्याकडं आला. तेव्हा दाबायचा लाकडी होता. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुंग्या येऊन बधिर व्हायची. उठून हात झटकला की बरं वाटायचं, परत झोपलं की परत तेच. मला वाटलं लकव्याची सुरुवात. घरात कुणाला बोललो न्हाई, आठ दिवस तसेच काढले.

निघालं वेगळंच. मनगटातली नस दाबली जात होती. झोपताना मनगट सरळ राहील असा पट्टा बांधायला दिला, महिनाभरात मुंग्या गेल्या. आता छाटणीच्या आधी कात्रीला धार लावून घेतो, बोथट कात्रीला जोर जास्त लागतो आणि तो सगळा मनगटावर येतो. अन् आई पीठ जरा सैल मळते. आधी इतकं घट्ट असायचं की चकली पाडायला पैलवान लागायचा.

विश्रामबाग, सांगली

मला बारा वर्षं मधुमेह आहे. सगळे बजावतात, दिवाळीत साखर वाढेल. माझी उतरली.

लक्ष्मीपूजनाला सकाळी तीन घरी फराळ झाला. प्रत्येक ठिकाणी 'एवढा एक लाडू तरी'. मनाला लागलं, म्हणून दुपारचं जेवण टाळलं. गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली. संध्याकाळी गणपती पेठेत पूजेचं सामान घ्यायला गेलो आणि घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरचं अंधूक दिसू लागलं. दुकानदाराला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि समोरच्या ढिगातले बत्तासे हातात दिले. पंधरा-वीस मिनिटांत माणसात आलो, मग घरी जाऊन आधी जेवलो.

नंतर डॉक्टरांनी चांगलंच झापलं. सकाळी लाडू खाल्ला म्हणून दुपारचं जेवण सोडायचं, हा हिशोब गोळीला कळत नाही. आता जेवणाची वेळ चुकवत नाही. फराळाला कुठं गेलो तर एक करंजी किंवा थोडा चिवडा, बाकीचं 'डब्यात द्या, घरी नेतो'. डबा म्हटलं की आग्रह थांबतो, हा माझा शोध. खिशात साखरेच्या दोन पुड्या असतातच.

शाहूपुरी, सातारा

आता पूजेसाठी बत्तासे घेताना दर वर्षी तुमची आठवण येणार.

कराड

माझं दुखणं नव्हतं, गरगरणं होतं. दिवसभर मान वर करून छताची जाळी काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे कुशीवर वळले आणि अख्खी खोली फिरली. बीपी वाढलं म्हणून घरात धावपळ, पण बीपी ठीक. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतल्या कानात बारीक खडे असतात, ते जागचे हलले की डोकं वळवताच चक्कर येते. मला पलंगावर आडवं करून, मान या बाजूला, मग त्या बाजूला, असं काहीतरी केलं. पाच मिनिटांत संपलं! आता लांब काठीचा झाडू आणलाय आणि वरचं काम मुलगा करतो. त्याचं मन मोबाइलमध्ये असतं, जाळी अर्धी राहतात, राहू देत.

सदर बझार, सातारा

एवढं दुखतं तर विकत आणा की. मिळतं सगळं.

पेठ वडगाव, माहेर सांगली

विकत आणलं की माझं दुखायचं थांबतं आणि सासूबाईंचं सुरू होतं.

मिरज

मी परिचारिका आहे, दिवाळीच्या रात्री बऱ्याचदा ड्यूटीवर असते. भाजलेल्यावर लोक टूथपेस्ट थापून येतात, आणि आमच्याकडं तर हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, अभिमान आहे, पण ती भाजीत घाला, भाजल्यावर नको. आधी वाहत्या नळाखाली वीस मिनिटं धरा. बर्फही नको. लेप खरवडून काढताना पोरं किती रडतात ते मी बघते.

दुसरं म्हणजे विझलेली फुलबाजी. तार लाल दिसत नाही, पण चांगलीच तापलेली असते, आणि लहान मूल अनवाणी त्यावर पाय देतं. अंगणात पाण्याची बादली ठेवा, तारा तिच्यात टाका. 'झाड' पेटलं नाही म्हणून वाकून बघायला जाऊ नका. डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही, सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडे.

वाई

कडक कडबोळी, मागची दाढ, भाऊबीज, दवाखाना बंद. एवढंच.

कोरेगाव (आजीसाठी नातीनं लिहिलेलं)

आजीचे दोन्ही गुडघे झिजलेत. नरकचतुर्दशीला पहाटे तिला पाटावर बसवून तेल-उटणं लावलं, आणि अंघोळ झाल्यावर ती उठेना. ओली फरशी, अंगाला तेल, मी आणि आई दोघी घसरता घसरता वाचलो. पुढच्या वर्षी बाबांनी प्लॅस्टिकचं उंच स्टूल आणि पायाखाली रबरी चटई ठेवली. आत्याचं म्हणणं, अभ्यंगस्नान पाटावरच होतं, भोवती रांगोळी लागते. आजी म्हणाली, "मग स्टुलाभोवती काढ, जागा भरपूर हाय."