मदत हवी आहे: प्राध्यापक बदलून मागणाऱ्या अर्जावर लेकीने सही करावी का?

मंडळी, लेक मुंबईतल्या एका कॉलेजात एस. वाय. बी. एस्सी.ला आहे, विषय गणित. लिनिअर अल्जिब्रा एक सर घेतात, कायम नोकरीतले, जुने. ॲनालिसिसला तरुण मॅडम आहेत, प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झालेल्या, पण सीएचबीवर, म्हणजे जितके तास तितके पैसे.

सर व्याख्या, प्रमेय, सिद्धता असं ओळीने उतरवून देतात, शेवटी आयएमपी, म्हणजे परीक्षेला महत्त्वाचे प्रश्न, सांगतात, पेपरात त्यातलं बरंच येतं. वर्ग खूश. मॅडम प्रश्न टाकतात आणि पोरांनाच आपसात वाद घालायला लावतात. ०.९९९… म्हणजे बरोबर १ की किंचित कमी, यावर अख्खं लेक्चर गेलं! पोर्शन मागे पडलाय, इंटर्नलला बहुतेकांचे मार्क कमी आलेत, केटीची, म्हणजे नापास होऊन पेपर पुन्हा द्यावा लागण्याची, धास्ती आहे. म्हणून प्राचार्यांना द्यायचा अर्ज फिरतोय: शिकवलेलं समजत नाही, प्राध्यापक बदलून मिळावेत. व्हॉट्सॲपवर सह्यांचा तगादा चालू आहे.

मी बँकेत, गणिताशी संबंध बारावीपर्यंतच. तरी दोन्ही वह्या घेऊन बसले. सरांची वही छापल्यासारखी. एका प्रमेयावर बोट ठेवून विचारलं, ही अट काढली तर काय बिघडेल? "अगं आई, ती अट असतेच." मॅडमच्या वहीत निम्मं पान खोडलेलं, समासात "इथे का अडलं?" असं लिहिलेलं. पण त्यातलं विचारल्यावर लेक पेन घेऊन बोलतच राहिली, मध्येच चुकली, स्वतःच सुधारलं. आणि तरी तिचंही म्हणणं हेच की मॅडमचं समजत नाही!

अर्ज गेला तर मॅडमना पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत हे उघड आहे. वाईट वाटतं, पण निव्वळ दयेपोटी पोरीचं वर्ष पणाला लावायचं नाहीये. शिक्षक चांगला की वाईट हे विद्यार्थ्यांच्या पसंतीवरून कळतं का? आणि सहीचं काय करावं?

निवृत्त_मास्तर: ताई, पसंतीवरून फार कळत नाही. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत कॅरल आणि वेस्ट यांनी केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तिथे विद्यार्थ्याला प्राध्यापक निवडता येत नाही, अभ्यासक्रम आणि पेपर सगळ्यांना एकच, त्यामुळे फरक पडला तर तो शिकवण्याचाच. ज्यांच्या वर्गाला त्या सत्रात चांगले गुण आणि ज्यांना चांगला फीडबॅक, त्यांची पोरं पुढच्या गणिताच्या पेपरांत सरासरीने मागे पडली. पण लगेच मॅडमच्या बाजूने निकाल देऊ नका. पुढचा पाया पक्का करणारे तिथे जास्त अनुभवी प्राध्यापक निघाले, नवखे नव्हेत.

लेकीचं "समजत नाही" मात्र मला ओळखीचं आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात तोच भाग काहींना व्याख्यानातून, काहींना स्वतः सोडवायला लावून शिकवला. दुसऱ्या गटाला चाचणीत गुण जास्त आले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटलं (२०१९). डोकं खाजवावं लागलं की माणसाला वाटतं, काहीच कळलं नाही. यावर तिथे केलेला उपाय साधा होता: असं का शिकवतोय ते वर्गाला सुरुवातीलाच नीट सांगायचं. तुमच्या मॅडमनी ते सांगितलंय का? नसेल तर आधी ते होऊ द्या.

बाकी एकट्या हार्वर्डवर जाऊ नका. विज्ञान, अभियांत्रिकी, गणितातले २२५ अभ्यास २०१४ मध्ये एकत्र तपासले गेले, त्यात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास सुमारे ३४ टक्के आणि सोडवायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२.

विरार_फास्ट: मास्तर, पाया वगैरे ठीक. पण पेपर पूर्ण पोर्शनवर येतो आणि एम. एस्सी.च्या प्रवेशाला मार्कच बघतात. अर्धा पोर्शन राहिला तर खापर पोरांच्याच डोक्यावर फुटतं. ताई, सही नको, पण गप्पही बसू नका. अर्जाचा मजकूरच बदला. "प्राध्यापक बदला" काढा, "राहिलेल्या भागाचं आठवडावार वेळापत्रक आणि जादा तास द्या" असं घाला. जादा तासांचे पैसे मॅडमना कॉलेजने द्यावेत हेही त्यातच लिहा. नाहीतर त्या फुकट राबतील, आणि ते कोणी मोजणारही नाही.

चहा_कटिंग: एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन वर्गांच्या साइटवर रिअल ॲनालिसिसची व्याख्यानं फुकट आहेत. राहिलेला पोर्शन तिथून ऐकायचा, वर्गात वाद घालायचा. आम्ही तसंच केलं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. विरार_फास्ट, तुमचा मजकूर लेकीने ग्रुपवर टाकला. काहीजण तयार झालेत, बाकीच्यांचं पालुपद एकच, "आयएमपी देणार असतील तर ठीक." सरांच्या वहीतल्या त्या अटीचं काय, हे तिने आता सरांनाच विचारलंय, ते "बघून सांगतो" म्हणालेत. नवा अर्ज थेट प्राचार्यांकडे द्यावा की विभागप्रमुखांमार्फत?

निवृत्त_मास्तर: विभागप्रमुखांमार्फत. आणि त्याच्याही आधी मॅडमना स्वतः वाचायला द्या.