कथेतले संवाद सुधारायचेत, पुस्तक घेऊ की क्लास लावू? बजेट ५०० रुपये

निळी_शाई:
दिवाळी अंकासाठी कथा लिहिलीये. आई आणि मुलगा, कोल्हापूरजवळचं गाव, शेत विकायचा विषय. गेल्या वर्षी एका अंकाकडून परत आली, शेरा होता की सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात. वर आईचं "मी जाऊन येतो" पेन्सिलीने खोडून "येते" केलेलं. आमच्याकडे बायका असंच बोलतात हो, माझी आई जन्मभर "मी आलो, मी गेलो" म्हणत आलीये. तर ५०० च्या आत काहीतरी सुचवा, आणि "येतो" ठेवू का तेही सांगा.

शब्दवेडा:
मी ६००० भरून दोन दिवसांची कार्यशाळा केली, पैसे वसूल. माणसं प्रश्नाला सरळ उत्तर देत नाहीत हे तिथे कळलं. "जेवलास का" ला "किती वाजले?" हे उत्तर होऊ शकतं. कार्यशाळाच कर, पुस्तकाने काही होत नाही.

वऱ्हाडी_बोरं:
होत नाही कसं? उद्धव शेळक्यांची 'धग' कादंबरी वाचा, १९६० ची. निवेदन प्रमाण भाषेत, माणसं अस्सल वऱ्हाडीत बोलतात, आणि कुठे अडत नाही. ती वाचून मी माझ्या कथेतल्या आजीचं "का बरं" काढून "काऊन" केलं, आजी एकदम जिवंत झाली. "येतो" ठेवाच.

सुमनकाकू:
उद्गारला, उत्तरली, पुटपुटला हे सगळं काढा, "म्हणाला" पुरतं. आणि अवतरणचिन्हं एकेरी वापरा.

पाटी_पेन्सिल:
काकू, संवादाला दुहेरीच. एकेरी शब्दावर जोर द्यायला. शाळेत आम्हाला हेच शिकवलंय.

शब्दवेडा:
विरामचिन्हं मराठीत रुजवली एकोणिसाव्या शतकात मेजर कँडीने, त्याआधी पोथ्यांमध्ये कुठे होती? सरळ काढून टाका.

वऱ्हाडी_बोरं:
अहो त्याचं "येतो" राहिलं बाजूला. दादा, थोडा उतारा टाका बघू.

निळी_शाई:
"आई, तुला माहीतच आहे, बाबा गेल्यापासून सात वर्षं आपलं दीड एकर पडीक आहे."
"च्या टाकू?"
"अगं, मी शेताचं बोलतोय."
"दूध नासलंय वाटतं. कोरा चालंल?"

सुमनकाकू:
आईला माहीतच आहे तर सांगतो कुणाला? वाचकाला. पहिलं वाक्य काढ. चहापण काढ, उगाच भरती.

पाटी_पेन्सिल:
+१, पहिलं वाक्य जड आहे. आणि चहा नको, चहापाणी कथेत नकोच असतं.

शब्दवेडा:
मीपण तेच म्हणणार होतो, चहा काढ. मात्र लांब भाषण टाळा म्हणतात ते दर वेळी खरं नाही, अख्ख्या कथेत जेमतेम बोलणारी आई शेवटी एका दमात दहा ओळी बोलली तर तिथे तोडू नकोस, माझ्या कथेत मी तोडलं आणि अजून हळहळतोय.

निळी_शाई:
पहिलं वाक्य काढलं. आता मुलगा चप्पल काढता काढता "गिऱ्हाईक बघितलंय" एवढंच म्हणतो. चहा मात्र ठेवतोय, तुम्ही तिघांनी काढ म्हटलं तरी. आईला शेत द्यायचं नाहीये आणि पोराला तोंडावर नाही म्हणणारी बाई नाही ती, म्हणून चहाच विचारत राहते. "येतो" पण राहणार, अंकाला पत्रात लिहितो की ते बदलू नका. क्लास नाही लावत. त्या ५०० मध्ये एसटीने गावी जातो आणि आईला कथा मोठ्याने वाचून दाखवतो, कुठे "असं कोण बोलतंय रं" म्हणते ते बघायचंय.