शिवकालीन दरबारात बढती कशावर, कामावर की घराण्यावर?

पागेकर (धागा यांचा):
माझं मत सरळ आहे: कामावर. सभासद बखर या जुन्या इतिहासग्रंथातली पागेची, म्हणजे सरकारी घोडदळाची, शिडी बघा. 25 बारगिरांवर एक हवालदार. 5 हवालदारांचा जुमला, जुमलेदाराला सालीना 500 होन (सोन्याचं नाणं) आणि पालखी. 10 जुमल्यांवर हजारी, त्याला 1000 होन. त्याच्यावर पंचहजारी, 2000 होन. बारगिराचा घोडा सरकारी, त्यामुळे घरची ऐपत आडवी येत नाही. पगार रोख, म्हणजे पोराला वारसा म्हणून द्यायला जहागीरच नाही. सरनोबतीचंही, म्हणजे सेनापतिपदाचंही, तेच. नेताजी पालकर 1666 मध्ये पन्हाळ्याला वेळेवर पोचले नाहीत, पद गेलं; मग प्रतापराव गुजर, ते 1674 मध्ये नेसरीला पडल्यावर हंबीरराव मोहिते. तीन माणसं, तीन घराणी.

दफ्तरी:
पागेपुरतं मान्य. पण धागा दरबाराचा आहे ना? राज्याभिषेकाच्या अष्टप्रधानांची नावं वाचा. अमात्य (आधीचं नाव मुजुमदार, खातं हिशेबाचं) रामचंद्रपंत हे निळो सोनदेव मुजुमदारांचे पुत्र, सुमंत (आधीचं नाव डबीर, खातं परराज्यांचं) रामचंद्र त्र्यंबक हे त्र्यंबक सोनदेव डबीरांचे. आठांतल्या दोन जागा बापाच्या खात्यातच पोराला मिळाल्या, आणि ही गोष्ट 1674 ची, पेशवाईतली नव्हे. हंबीरराव तर महाराजांच्या राणी सोयराबाईंचे भाऊ.

पागेकर:
हंबीररावांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. 1680 मध्ये महाराजांनंतर गादीचा वाद झाला, तेव्हा नातं बघितलं असतं तर ते भाच्याच्या, राजारामांच्या बाजूला जाते. त्यांनी राजारामांच्या बाजूच्या अण्णाजी दत्तो आणि पेशवे मोरोपंत पिंगळ्यांनाच पकडून संभाजीराजांपुढे नेलं.

दफ्तरी:
म्हणजे माणूस चोख होता. नेमणुकीत नात्याचा उपयोग झाला नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही.

मोडीवाचक:
दोघेही एक गोष्ट सोडताय. शिड्या दोन होत्या, तलवारीची आणि लेखणीची. जुमलेदाराशेजारी 100 ते 125 होनांचा मजमदार (मुजुमदार, हिशेबनीस) बसायचा. मोहिमेआधी प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी व्हायची, वैशाखात परतल्यावर ती पुन्हा ताडायची, जादा सापडलं तर पगारातून वळतं. यादी ज्याच्या हातात, त्याचा धाक जुमलेदारालाही. आणि मोडी, जमाखर्च, पत्राचे मायने हे सगळं घरातच शिकवलं जायचं. मग मुजुमदाराचा पोरगा मुजुमदार झाला यात नवल काय? आठांपैकी सेनापती सोडून सातही जण ब्राह्मण, त्याचं मोठं कारण हेच.

पागेकर:
पण पद आणि घराण्याची ती घट्ट वीण जिंजीनंतरची, म्हणजे राजाराम दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यावर गेल्यानंतरची. बादशहाही वतनं (वंशपरंपरागत हक्क) देऊ करत होता, म्हणून राजारामांना द्यावी लागली. रोख पगार संपला तिथे घराणी रुजली.

दफ्तरी:
जिंजीला प्रतिनिधी हे नवं पद निघालं, तेही पेशव्याच्या वर. मिळालं कुणाला? प्रल्हाद निराजींना, म्हणजे न्यायाधीश निराजी रावजींच्या चिरंजीवांना. सवय जुनीच होती, जिंजीने फक्त तिची भीड मोडली.

मोडीवाचक:
आणि तरीही बाळाजी विश्वनाथ! धनाजी जाधवांकडचा वसुलीचा कारकून, मग सेनाकर्ते (सैन्य उभारणारे अधिकारी), 1713 मध्ये पेशवे. बहिरोपंत पिंगळे कान्होजी आंग्र्यांच्या कैदेत पडले म्हणून जागा रिकामी झाली, आणि आंग्र्यांशी तह जमवून यांनी ती पक्की केली. पिंगळ्यांच्या घरात मोरोपंतांपासून आलेलं पद एका कारकुनाने नेलं.

दफ्तरी:
आणि 1720 मध्ये तेच पद त्याच्या 19 वर्षांच्या मुलाला मिळालं.