मदत हवी आहे: जन्मदात्या आईची पहिली भेट, मडगाव

नमस्कार. दत्तक गेलेल्या एका २६ वर्षांच्या मुलीची जन्मदात्या आईशी पहिली भेट पुढच्या महिन्यात मडगावात आहे. कायद्याची बाजू झाली. १८ वर्षांवरील व्यक्ती मूळ शोधाचा, म्हणजे आपण कुठून आलो हे जाणून घेण्याचा, अर्ज स्वतः करू शकते, पण आईची गोपनीयता जपावी लागते. इथे आईने होकार दिलाय.

खरी अडचण भेटीनंतरची. सुरुवातीला रोज फोन, मग अचानक एक बाजू गप्प होते. पुष्कळदा आईच, कारण तिच्या घरी कुणाला काही ठाऊक नसतं. मुलीला मात्र आपल्याला दुसऱ्यांदा टाकलं असं वाटतं. शिवाय वाढवलेल्या आईबाबांशी बेइमानी करतोय, हा सल वेगळाच. म्हणून आधी पत्रं, मग तासाभराची भेट, तीही कुणाच्या घरी नको. पहिल्या दिवशी पैसे-दागिने तर अजिबात नकोत. लहानपणचा एक फोटो पुरे; तो हातात आला की बोलणं सुरू होतं.

आई फक्त कोंकणी बोलते, मुलगी मराठी. दोन्ही भाषा येणारी, दत्तक विषयात काम केलेली समुपदेशक दक्षिण गोव्यात कुणाच्या माहितीत आहे का? भेटीनंतर निदान ६ बैठका हव्यात, दोघींच्या वेगवेगळ्या. कृपया मेसेजवर कळवा.